तिसरा रूळ



सकाळपासून सगळे विचारताहेत, "तिकडे मजेत ना?" मजेत आहे, फक्त हिवाळ्यात गाडीच्या मर्जीवर!

मी दक्षिण इंग्लंडमधून लंडनला नोकरीला जाते. आमच्या मार्गावर वीज वरच्या तारेतून येत नाही, जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळातून येते, ७५० व्होल्टची. त्यावर बर्फाचा थर धरला की गाडीला वीज मिळत नाही. रात्री खास गाड्या त्यावर बर्फरोधक द्रव फवारत फिरतात, तरी एखाद्या पहाटे सगळं ठप्प. कधी सांधेच गोठतात. डिसेंबरात चारलाच अंधारतं आणि फलकावरची वेळ पुढे पुढे सरकते.

मुलीचं पाळणाघर सहाला बंद होतं. उशीर झाला की अर्ज करून तिकिटाचे काही पैसे परत मिळतात. पण कोट घालून दाराशी एकटी बसलेल्या मुलीचा अर्धा तास कोण परत देणार?

शेवटी आम्ही चार आयांनी वार वाटून घेतले. जी घरून काम करते, तिने चौघींची मुलं आणायची. आमच्या क्षेत्रात याला 'बॅकअप' म्हणतात. या शाळेत आपण त्याला डबा वाटून खाणं म्हणायचो. गाडी अजून उशिराच येते, पण मुलगी आता दाराशी एकटी बसत नाही.