पात्यावरची अक्षरे आणि मराठी वाचक



सुरतेत बोलायचे आणि विषय जुन्या खंजिरांचा, म्हटल्यावर १६६४ आणि १६७० ही दोन साले आपल्या मनात आलीच असतील. अरबी अक्षरांचा खंजीर एखाद्या मराठी घरात निघाला की 'हा सुरतेच्या लुटीतला' असे सहज सांगितले जाते. हे विधान तपासायचे कसे आणि त्यासाठी मराठीच्या अभ्यासकाजवळ कोणती साधने आहेत, एवढेच आज मांडायचे आहे.

पहिला धडा याच शहरात मिळतो. आज जिथे महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे ती मुगलीसरा १६४४ साली इसहाक बेग यझदी ऊर्फ हकीकत खान याने बांधली. यझद हे इराणातले शहर. म्हणून सराई काही इराणातून आली नाही. नावाला जोडलेले गाव माणसाचा पत्ता देते, वस्तूचा देतेच असे नाही. शस्त्रांनाही हाच नियम लावावा. असदुल्लाह इस्फहानी हे नाव इतक्या पात्यांवर आणि इतक्या वेगवेगळ्या काळांत आढळते की ती सगळी एका कारागिराची असणे शक्य नाही. ते नाव पुढे उत्तम मालाची खूण म्हणून घातले जाऊ लागले. शिवाय पोलाद तेलंगणातल्या भट्टीचे, पाते इराणी लोहाराचे, मूठ दख्खनी आणि कोफ्तगारीची सोनेरी अक्षरे चौथ्याच हातची, असेही होऊ शकते. तेव्हा 'हा खंजीर कुठला?' हा प्रश्न एकेका भागाला वेगळा विचारावा लागतो.

आता मजकूर. पात्यावर बहुधा प्रार्थना, कारागीर, मालक किंवा साल यांपैकी काहीतरी असते. कारागिराच्या नावाआधी 'अमल' येतो. आपला 'अंमल' तोच. मराठीत त्याची सत्ता झाली, नशाही झाली. पात्यावर तो 'काम, कृती' या मूळ अर्थाने उभा असतो. 'या फत्ताह' हे ईश्वराला केलेले आवाहन वाचताना आपली 'फत्ते' आठवावी. दोन्ही शब्द एकाच धातूचे. कधी चार घरांच्या चौकोनात ब, द, व, ह ही अक्षरे दिसतात. अबजद गणनेत त्यांची मूल्ये २, ४, ६, ८. 'बदूह' नावाचे हे रक्षणाचे यंत्र तुर्कस्तानपासून हिंदुस्थानापर्यंत चालत असे. त्यामुळे अशा मजकुरावरून श्रद्धा कळते, गाव कळत नाही.

खरी कसोटी सालाची. अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. लिपी उजवीकडून डावीकडे गेली तरी आकडे डावीकडूनच वाचायचे. समजा, पात्यावर १०५० आहे. त्यात नुसते ६२२ मिळवणारा १६७२ सांगेल आणि खंजीर दुसऱ्या लुटीनंतरचा ठरवेल. पण हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. नीट हिशेब केला तर १६४०-४१ येते, म्हणजे पहिल्या लुटीच्याही आधीचे. तोच आकडा दख्खनी शुहूर सनाचा असेल तर १६४९-५०. ज्यांनी मोडी कागदांत 'इहिदे', 'सलास', 'खमसैन', 'अलफ' वाचले आहेत, त्यांना हा घोळ आणि त्याची सोडवणूक दोन्ही परिचयाची आहेत. अरबी संख्यावाचक शब्द आपल्या दफ्तरांत शतकानुशतके मराठी होऊन राहिले आहेत.

एक उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते. सतराव्या शतकाच्या अखेरीस आदिलशाहीतले अदोनी मोगलांकडे गेले. तिथली शस्त्रे महाराजा अनूपसिंहांबरोबर बिकानेरला पोहोचली. त्यांतल्या अनेकांवर बारीक ठिपके ठोकून देवनागरीत नोंद केलेली आहे. ती कोठारातली नोंद. तिला ना सोने, ना सुलेखन. पण हे शस्त्र कुणाकडे, कुठून आले, हे तीच सांगते. म्हणून पाते हाती आले की सोनेरी ओळीवरून नजर काढून मुठीजवळ आणि कडेलाही पाहावे.

अक्षर नसेल तिथे शब्द साक्ष देतो. 'जंबिया' हा शब्द अरबी 'जंब', म्हणजे कूस, बाजू, यावरून आला. गायकवाडांच्या चाकरीत अरब शिबंदी होती. १८१८ साली मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांशी अरबच लढले. सुरतेतल्या पुष्कळ मराठी कुटुंबांचे मूळ खानदेशात आहे. तिकडच्या घरातला जंबिया लुटीतून येण्याऐवजी एखाद्या शिपायाच्या कमरेवरूनही आला असेल.

विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एवढीच विनंती. असे शस्त्र दिसले तर चिंच-लिंबाने घासू नका. गंजाबरोबर सोनेही जाते. तिरप्या उजेडात छायाचित्र घ्या आणि ते उलटे छापले जाणार नाही याची काळजी घ्या. घरातली माणसे त्या वस्तूला खंजीर, बिचवा, पेशकबज की जंबिया म्हणतात, ते त्यांच्याच उच्चारात लिहून ठेवा. अक्षरे वाचायला पुढे जाणकार मिळेल. घरातला शब्द मात्र तो उच्चारणाऱ्या शेवटच्या माणसाबरोबर जातो, म्हणून त्याची नोंद आधी करा.