बदलीवाल्याचे मन



आज आम्ही बोलणार आहोत ते आपल्या घराघरातल्या एका जुन्या दुखण्याबद्दल. उद्या काम मिळेल की नाही, ही धास्ती माणसाच्या मनाचे काय करते?

परळ-लालबागच्या गिरण्यांत कायम कामगारांबरोबर बदली कामगार असायचे. भोंगा झाला की बदलीवाला गेटवर हजर. कायमवाला आला नाही तर काम, नाहीतर डबा घेऊन घरी परत. भरती जॉबरच्या हातात, म्हणून त्याची मर्जी सांभाळायची, दस्तुरी द्यायची. १९३५ साली मालकांच्या संघाने बदली कार्डाची पद्धत आणली; पण कार्ड होते म्हणून रोज काम होतेच असे नाही.

त्यात आपल्या माणसांना साचाखात्यात, म्हणजे विणकामात, घेत नसत. तिथे मजुरी जास्त. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, त्याला म्हणे विटाळ होतो! १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला.

लोक म्हणतात, टेम्पररी माणूस मन लावून काम करीत नाही. आम्हाला हे पटत नाही. अंगात ताप असला तरी तो कामावर जातो. पण मशीनची खोट दिसली तरी बोलत नाही. बोललो तर उद्या बोलावणार नाहीत, ही भीती! हात चालतात, तोंड बंद. जिथे तोंड बंद, तिथे काम आपले वाटणार कसे? आणि सर्वांत वाईट म्हणजे, एकाचे आजारपण ही दुसऱ्याची भाकर होते. सोबती सोबत्याची गैरहजेरी मोजू लागतो. एकजूट फुटते ती अशी.

म्हणूनच १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात पगारवाढीबरोबर बदलीवाल्यांना कायम करा, ही मागणीसुद्धा होती. संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या गेल्या, टॉवर आले. बदली गेली आणि कंत्राट आले. आज आपली मुले सिक्युरिटीत, हाऊसकीपिंगमध्ये, पार्सल पोहोचवण्यात राबतात. गेट दिसत नाही, पण मन त्याच गेटवर उभे आहे.

तरी निराश होऊ नका. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत अनेक वर्षे लढा दिला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. कागद जपले, संघटना टिकवली, तेव्हा हे घडले.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. हजेरीचा, पगाराचा, पीएफचा प्रत्येक कागद जपून ठेवा. युनियनपासून दूर राहू नका. आणि घरातल्या कंत्राटी पोराला ‘तू कुठे टिकतच नाहीस’ असे बोलू नका. खोट त्याच्यात नाही, त्याला टिकू न देणाऱ्या पद्धतीत आहे.

जयभीम!