पीएमपी करू की साईटवरच राहू?

कानात हेडफोन घालून बसमध्ये बसलेल्यांना, रात्री साईटवरच्या पत्र्याच्या खोलीत मोबाईल चार्जिंगला लावून ऐकणाऱ्यांना, सगळ्यांना नमस्कार. आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे, कारण गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या व्हॉइस नोटमध्ये हा प्रश्न सारखा येतोय. प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचं तर सर्टिफिकेट करावं की अनुभव घ्यावा?

यातली एक व्हॉइस नोट बोरी अरबहून आली. मी स्वतः दारव्ह्याचा, त्यामुळे गावाचं नाव ऐकूनच बरं वाटलं. मुलगा सव्वीस वर्षांचा. बारावी, मग आयटीआयला सिव्हिल ड्राफ्ट्समन, आणि आता चार वर्षं एका रस्त्याच्या ठेकेदाराकडे. सुरुवातीला मुकादमाच्या हाताखाली मोजमाप धरायचा, आता दोन-तीन साईट तोच बघतो. मजूर, गिट्टी, डांबर, डिझेल, बिलं, सगळं. पगार मात्र सुपरवायझरचा. त्याला पुण्यातल्या एका क्लासवाल्यांचा फोन आला, ‘पीएमपी करा, पगार दुप्पट.’ फी साठ हजारांच्या वर. घरचे म्हणतात सोयाबीनचे पैसे आले की भरू. आणि ठेकेदार म्हणतो, ‘काहून पैसे घालतं बाप्पा, कागदानं रस्ता होते का?’

आता दोघांपैकी कोण खरं बोलतंय? माझं मत ऐका. दोघंही अर्धंच सांगताहेत, आणि राहिलेलं अर्धं त्या मुलाला महागात पडणार आहे.

आधी क्लासवाल्यांचं बघू. पीएमपी हे सर्टिफिकेट देते पीएमआय ही अमेरिकेतली संस्था. १९६९ साली सुरू झाली, आणि पीएमपी ही परीक्षा १९८४ पासून आहे. आपल्याकडे लोकांना वाटतं की हा एक कोर्स आहे, फी भरली, अभ्यास केला, पास झालो. तसं नाही. परीक्षेला बसण्यासाठीच अनुभव लागतो. चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्ट पुढे होऊन चालवल्याचे ३६ महिने. पदवी नसेल, बारावीच्या पातळीचं शिक्षण असेल, तर ६० महिने. शिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण. मग १८० प्रश्नांची परीक्षा.

लक्षात आलं का? आपल्या या भावाचे झाले ४८ महिने. म्हणजे आज त्याने साठ हजार भरले, रात्री जागून अभ्यास केला, तरी त्याला परीक्षेचा अर्जच करता येत नाही. फोनवरच्या माणसाने हे सांगितलं नाही. त्याने विचारलंही नसेल की तुमचं शिक्षण काय आणि काम किती वर्षांचं.

आणि महिने मोजायची पद्धतही नीट समजून घ्या. एकाच महिन्यात तीन साईट सांभाळल्या म्हणून तीन महिने होत नाहीत, तो एकच महिना. घरगुती काम चालत नाही. बहिणीच्या लग्नात पाचशे पानं उठवली, मंडप, आचारी, घोडा, बँड सगळं आपण बघितलं, हे प्रोजेक्ट मॅनेजमेंट नाही असं कोणी म्हणणार नाही, पण पीएमआय ते धरत नाही. आणि नुसती हजेरी मांडली, ट्रक मोजले, एवढ्यावरही भागत नाही. काम तुम्ही चालवलं असं दिसावं लागतं. मात्र पदाचं नाव ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ असलंच पाहिजे असं नाही. सुपरवायझर म्हणून पगार घेणारा माणूसही प्रोजेक्ट चालवत असू शकतो, आणि आपल्या भागात बहुतेक वेळा तोच चालवतो.

तर गंमत अशी की ‘सर्टिफिकेट की अनुभव’ हा प्रश्न आपण ज्या सर्टिफिकेटबद्दल विचारतो, तेच म्हणतं की आधी अनुभव आण.

आता ठेकेदार काकांकडे येऊ. कागदानं रस्ता होत नाही, हे शंभर टक्के खरं. पण काकांना विचारा, मागच्या टेंडरला तुम्ही काय काय जोडलं होतं? पूर्वी अशाच प्रकारची कामं पूर्ण केल्याचे दाखले जोडले होते. सार्वजनिक बांधकाम विभाग काय, जिल्हा परिषद काय, ‘मी तीस वर्षं रस्ते बनवतोय, गावात विचारा’ असं सांगून मोठं काम मिळत नाही. काम पूर्ण झाल्याचा दाखला लागतो, त्यावर कार्यकारी अभियंत्याची सही लागते. काकांचा अनुभव कागदावर आहे. कपाटात फाईल लावून ठेवलाय. कागद नाही तो त्यांच्या सुपरवायझरकडे.

मला आजच्या भागात खरं बोलायचंय ते याच्यावर. आपल्याकडच्या मुलांना अनुभव कमी नाही. त्यांचा अनुभव कुठे लिहिलेलाच नाही. पगार रोख, कधी फोनपेवर. नेमणूक पत्र नाही. पीएफ नाही. चार वर्षं राबलेला मुलगा पुण्याला मुलाखतीला जातो आणि त्याच्याकडे दाखवायला असतात साईटवरचे फोटो आणि व्हॉट्सॲप ग्रुप. तो खोटं बोलत नसतो, पण समोरच्याला ते कळायला मार्ग नसतो. पीएमपीच्या अर्जातही तेच. प्रत्येक प्रोजेक्टचं वर्णन लिहायचं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, माझं काम काय. आणि काही अर्ज ते तपासणीसाठी काढतात, मग तुमच्या साहेबाची सही आणावी लागते. ठेकेदाराशी भांडून सोडलं असेल तर ती सही कोण देणार?

काही जण लगेच श्रीधरन साहेबांचं उदाहरण देतात. मेट्रो मॅन ई. श्रीधरन. त्यांनी कुठे पीएमपी केलं होतं? उदाहरण जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. १९६४ च्या डिसेंबरमध्ये चक्रीवादळात पांबनचा पूल वाहून गेला, तो त्यांनी ४६ दिवसांत उभा केला. तेव्हा पीएमआय जन्मालाही आली नव्हती. मग १९९० नंतर कोकण रेल्वे. रोह्यापासून मंगळूरपर्यंत, सह्याद्रीच्या कुशीतून, पावसात दरडी कोसळणाऱ्या मुलखात. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्गावर गाडी धावली. एवढ्या अवघड जमिनीवर सात-आठ वर्षांत.

पण पुढचं कोणी सांगत नाही. श्रीधरन इंजिनिअरिंगची पदवी घेतलेले होते आणि देशपातळीवरची स्पर्धा परीक्षा देऊन रेल्वेत लागले होते. त्यांच्या काळातलं सगळ्यात वजनदार सर्टिफिकेट त्यांच्याकडे होतं. त्या सर्टिफिकेटने त्यांना दार उघडून दिलं, आणि आत गेल्यावर पूल बांधला तो त्यांनी. म्हणून सर्टिफिकेट फालतू आहे हे सिद्ध करायला त्यांचं नाव घेऊ नका.

उलट बाजूने आपल्याच जिल्ह्याचं बघा. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वे, २८४ किलोमीटर. दारव्हा, दिग्रस, पुसद, सगळे डोळे लावून बसलेत. २००८-०९ मध्ये मंजूर झाली. वर्धा ते कळंब एवढा पहिला तुकडा सुरू झाला २८ फेब्रुवारी २०२४ ला. पंधरा वर्षं गेली. आता या कामावर हुशार इंजिनिअर नव्हते का? होते. पण जमीन ताब्यात यायची असते, मोबदला द्यायचा असतो, पैसा दरवर्षी थोडा थोडा येतो. मोठ्या कामाचं वेळापत्रक कुठे अडतं हे चार्ट बघून कळत नाही, तलाठ्याच्या दारात बसल्यावर कळतं. तेवढी समज आपल्या सुपरवायझरला उपजत असते.

मी मुलाखती घ्यायला बसतो तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतो. तुमचं शेवटचं काम किती दिवस लांबलं आणि कशामुळे? नुसता अभ्यास केलेला मुलगा सांगतो, ‘सर, रिस्क आयडेंटिफिकेशन वेळेवर व्हायला पाहिजे होतं.’ बरोबर आहे, पण काय झालं होतं ते सांग ना. एकदा आपल्याच बाजूच्या एका मुलाने उत्तर दिलं, ‘सर, बावीस दिवस. वेचणी सुरू झाली आणि मजूर कापसात गेले. पुढच्या वर्षी मी काँक्रीटचं काम पोळ्यानंतर लगेच लावलं, आणि वेचणीच्या दिवसांत मशीनची कामं ठेवली.’ याला पुस्तकात रिस्क रजिस्टर म्हणतात, रिस्पॉन्स प्लॅन म्हणतात. त्याला शब्द माहीत नव्हते, काम माहीत होतं.

मग शब्द शिकायची गरज काय? आहे, कारण बंगळूरचा किंवा दुबईचा मॅनेजर वेचणी समजणार नाही. त्याला त्याच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. सर्टिफिकेटचा अभ्यास मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो तिथे. सात वर्षं साईटवर काढल्यावर मी परीक्षा दिली, आणि पानापानाला वाटायचं, अरे, हे तर आपण करतच होतो, याला असं नाव आहे होय. अनुभव नसताना तीच पानं वाचली असती तर पाठ झाली असती, एवढंच.

अजून एक. नुसत्या अनुभवालाही बुरशी येते. एकच वर्ष दहा वेळा जगलेली माणसं मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षी जे शिकले तेच दहाव्या वर्षी, एक्सेल उघडायचं तरी पोराला हाक मारतात. पीएमपी दर तीन वर्षांनी नूतनीकरणाला ६० गुण मागते, सतत काहीतरी शिकल्याचे. मला तो नियम कटकटीचा वाटतो, पण चुकीचा वाटत नाही.

तर बोरी अरबच्या भावा, तुझ्यासाठी सरळ सांगतो. यंदा साठ हजार भरू नको. आधी पीएमआयच्या वेबसाईटवर जाऊन पात्रतेचे नियम स्वतः वाच, कारण ते बदलत असतात, माझ्या शब्दावरही जाऊ नको. अगदीच सर्टिफिकेट हवं असेल तर त्यांचंच सीएपीएम आहे, त्याला अनुभवाची अट नाही, २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं. ते चालू असेल तर पुढे पीएमपीच्या वेळी ३५ तासांचं वेगळं प्रशिक्षण दाखवावं लागत नाही. पण मोठ्या आशा ठेवू नको, सीएपीएमने पगार दुप्पट होत नाही. हातात कागद असलेला नवखा, एवढीच त्याने ओळख होते. आणि तू नवखा नाहीस.

त्यापेक्षा उद्यापासून एक वही कर. दोनशे पानी. कामाचं नाव, रस्ता कुठून कुठे, किती किलोमीटर, किती रकमेचं काम, सुरू कधी, संपायचं कधी ठरलं होतं, संपलं कधी. तुझ्या हाताखाली माणसं किती. काय अडलं आणि तू काय केलंस. मागच्या चार वर्षांचंही आठवून लिही, व्हॉट्सॲपवरचे फोटो काढून तारखा जुळव, कारण दोन वर्षांनी मोबाईल बदलला की ते फोटो गेले.

आणि दाखला माग. ठेकेदाराशी संबंध चांगले आहेत तोवरच माग, सोडताना नाही. दिवाळीच्या हिशोबाला बसाल तेव्हा मिठाईचा डबा घेऊन जा आणि म्हण, ‘काका, लेटरहेडवर चार ओळी द्या, कोणत्या तारखेपासून आहे आणि कोणती कामं बघितली.’ मजकूर तूच टाईप करून ने, म्हणजे त्यांना फक्त सही-शिक्का करायचा. जमलं तर पगार थोडा तरी बँकेतून घे, स्टेटमेंट हाही पुरावाच आहे. काका नाही म्हणाले तर मला परत व्हॉइस नोट पाठव, त्यांना टेंडरच्या फाईलची आठवण कशी करून द्यायची ते बोलू.

पुढच्या भागात मुलाखतीत पगाराचा आकडा कसा सांगायचा, त्यावर. चला, येतो.