पानावरचा पांढरा पट्टा



लातूरच्या आडतीवर उडदाची पोती उतरविताना एका हमालाने आम्हांस विचारले, "अण्णा, हा अणूचा उडीद म्हणतेत. खाल्ला तर काही व्हतंय का?" प्रश्न टीएयू-1 या वाणाविषयी होता. आम्ही पडलो कमी शिकलेले. उत्तर देण्याआधी पुस्तके धुंडाळावी लागली.

त्या उडदात किरण उरलेले नसतात. कधीकाळी मूळच्या बियाण्यावर गॅमा किरण सोडले, ते उन्हासारखे आले आणि गेले. मागे राहिला तो पेशीतील बदल.

पण तो बदल साऱ्या रोपात होत नाही! बियातला अंकुर पुष्कळ पेशींचा असतो. किरणाचा तडाखा ज्या पेशीला बसला, तिच्या वंशापुरताच बदल. स्टॅडलर या अमेरिकन संशोधकाने 1928 साली सातू व मका यांवर क्ष-किरणांचा परिणाम दाखविला. हिरवेपणाच्या जनुकाची एक प्रत धड आणि दुसरी निकामी, असे बी मुद्दाम घ्यावे. धड प्रत किरणाने मोडली की त्या पेशीचा पुढचा वंश पांढरा निपजतो आणि पानावर पट्टा उमटतो. पट्ट्याने पानाचा आठवा हिस्सा व्यापला, तर किरण पडले त्या वेळी ते पान घडविणाऱ्या पेशी सुमारे आठ होत्या, असा हिशेब निघतो. बी न फोडता आतल्या कामगारांची हजेरी घ्यावी, तसेच हे झाले.

नव्या वाणासाठी मात्र बदललेला भाग फुलापर्यंत पोचला पाहिजे. पानातच राहिला तर रोपाबरोबर संपला. म्हणून फांदीफांदीच्या शेंगा वेगळ्या पेरून दुसऱ्या पिढीत शोध घेतात. बहुतेक बदल नुकसानीचेच असतात, हेही लपवू नये. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हाती लागलेल्या अशाच एका बदललेल्या उडदाचा टी-9 या जुन्या वाणाशी संकर केला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या साथीने त्यातून टीएयू-1 निघाला आणि 1985 साली शेतकऱ्यांच्या हाती आला. नावातला 'टी' ट्रॉम्बेचा, 'ए' अकोल्याचा, 'यू' उडदाचा.

हे सारे ऐकून आमचा हमाल म्हणाला, "पापडाचं मिटलं. बी दरसाल इकत घ्यावं लागतंय का?" तो स्वतः दोन एकरांचा धनी. आम्ही सांगितले, उडदाचे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते. घरचे निवडक बी पुढे धरता येते. फक्त खळ्यावर दुसऱ्या वाणाची भेसळ होऊ देऊ नकोस.