परीक्षणाचे मानकरी



विषयाचे नाव ऐकून कोणी बिचकू नये. संगणकाचे शास्त्र आम्ही आज सांगणार नाही. त्यामागची माणसे सांगणार आहोत.

पोस्टग्रेस्क्यूएल ही माहिती साठवणारी एक प्रणाली आहे. १९८६ साली अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात तिचा पाया घातला गेला. आज ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. तिची संहिता कोणीही वाचावी, सुधारावी आणि सुधारणा पाठवावी. या सुधारणेला ‘पॅच’, म्हणजे चक्क ठिगळ, म्हणतात. ते मूळ वस्त्राला जोडण्याचा अधिकार मात्र मोजक्याच जाणकारांना असतो, आणि त्यापूर्वी दुसऱ्या कोणी ते बारकाईने तपासावे लागते. घोडे पेंड खाते ते इथेच. लिहिणारे पुष्कळ, वाचणारे थोडे!

म्हणून वर्षातून साधारण पाच वेळा, एकेक महिना, ‘कमिटफेस्ट’ भरतो. नाव उत्सवाचे, काम थकबाकीच्या वसुलीचे. त्याचा व्यवस्थापक स्वेच्छेने पुढे येतो. त्याच्यापुढे कित्येकदा दोनशेंहून अधिक पॅच असतात. कोणता परीक्षकाची वाट पाहतो, कोणता लेखकाच्या उत्तरासाठी अडला आहे, हे तो रोज पाहतो. एक पॅच देणाऱ्याने तेवढ्याच तोलाचा दुसऱ्याचा एक पॅच तपासावा, असा तेथे रिवाज आहे. तो विसरणाऱ्यांना आठवण देणे हेही यानेच करायचे. हुकूम काढण्याची सत्ता नाही, दंड करण्याची सोय नाही. लग्नघरी पंगतीत कोण उपाशी राहिले हे पाहत फिरणाऱ्या काकांसारखे हे काम आहे. जेवणाऱ्यांना ते दिसत नाही.

नकार मिळालेला नवखा मनुष्य पुन्हा येतो, असे आम्हांला वाटते. ज्याला उत्तरच मिळाले नाही तो बहुधा येत नाही.

कोणी म्हणेल, एवढा आटापिटा कशासाठी? एक्सझेड नावाचे, संचिका आकसून ठेवणारे एक साधन आहे. वर्षानुवर्षे एकच गृहस्थ ते विनावेतन सांभाळीत होते. कामे रखडतात म्हणून त्यांच्यामागे तगादे लागले. मदतीला आलेल्या एका अनोळखी इसमाने हळूहळू विश्वास मिळवला आणि आत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये तो सापडला, तोही दूरच्या यंत्रात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या एका किरकोळ शंकेमुळे. शंका घेणारे आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसच्याच कामातले. आणखी परीक्षक असते तर हे टळलेच असते, असे आम्ही म्हणत नाही. पण थकलेला, एकटा मनुष्य पाहूनच चोर शिरला, हे कसे नाकारावे?

महिनाअखेर व्यवस्थापक काही पॅच शेरा मारून परत करतो, काही पुढच्या खेपेला ढकलतो. मार्चमध्ये हे ढकलणे फार जड जाते. एप्रिलमध्ये त्या वर्षीच्या आवृत्तीचे दार नव्या सुधारणांना बंद होते, आणि मागे राहिलेल्याला आणखी एक वर्ष थांबावे लागते.