मनाच्या दुखण्याची चाळणी

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर सकाळपासून रुग्णांची रांग लागलेली असते. त्या रांगेतील एखादी बाई वैद्यांसमोर येते, ती ‘मन खिन्न आहे’ असे सांगत नाही. पाठ भरून येते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, अन्नावर वासना उरली नाही, एवढेच ती सांगते. नाडी पाहिली जाते, रक्तदाब मोजला जातो, गोळ्या दिल्या जातात. महिन्याने तीच बाई, तेच गाऱ्हाणे घेऊन पुन्हा उभी राहते. जे मनाला झाले आहे ते शरीर बोलत असते. आणि उपचार मात्र शरीराचाच चाललेला असतो.

हे दुखणे विरळा आहे असेही नाही. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत असे आढळले, की विसांतील एका प्रौढाला आयुष्यात केव्हा ना केव्हा विषण्णतेचा विकार जडतो. सामान्य मनोविकारांनी पीडित अशा १०० जणांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

मग हे रुग्ण ओळखावेत कसे? स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोएंके या अमेरिकन संशोधकांनी २००१ साली नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. गेल्या दोन आठवड्यांत उदासी किती वेळा वाटली, कशात रस उरला आहे का, झोप, भूक, थकवा, स्वतःविषयीची हीन भावना, असे तिचे स्वरूप आहे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज १० किंवा अधिक झाली, तर बारकाईने चौकशी करावी असा संकेत आहे. मात्र ही बेरीज म्हणजे निदान नव्हे. पंडुरोग, कंठस्थ ग्रंथीचा विकार किंवा नुकताच ओढवलेला वियोग यांमुळेही गुण वाढू शकतात.

प्रत्येक रुग्णाला हे प्रश्न विचारावेत काय, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या कार्यदलाने २००२ साली प्रौढांची अशी तपासणी करावी असे सांगितले. परंतु अचूक निदान, उपचार आणि पाठपुरावा यांची सोय असेल तेथेच, ही अट घातली. कॅनडाच्या कार्यदलाने २०१३ साली सरसकट तपासणी करू नये असा सल्ला दिला. वरवर हे परस्परविरोधी वाटते. पण दोहोंच्या मुळाशी शंका एकच आहे. चाळणी धान्य निवडते, भाकरी भाजत नाही. दुःख विचारून घ्यायचे आणि पुढे काहीच करायचे नाही, यापेक्षा न विचारणे बरे, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येत नाही.

या शंकेचे एक उत्तर गोव्याने दिले. ‘संगाथ’ संस्थेच्या विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ दवाखान्यांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. येणाऱ्यांना आधी प्रश्न विचारले गेले. पण तेथेच थांबले नाही. वैद्यकीय पदवी नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना त्यांचे दुखणे समजावून दिले, त्यांचा पाठपुरावा केला. गरजेप्रमाणे डॉक्टरांनी औषध दिले. सरकारी केंद्रांत, निदान पक्के झालेल्यांपैकी शेकडा सुमारे ६६ सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीचाच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. प्रश्नावली एकच, फळ मात्र व्यवस्थेप्रमाणे बदलले.

नवव्या प्रश्नाचा विसर पडता कामा नये. मरण बरे असे वाटते का, हे तो विचारतो. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे; उलट, कोणीतरी विचारले याचाच पुष्कळांना दिलासा वाटतो. होकार आला तर मात्र त्या माणसाला एकटे सोडू नये. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक देशभर उपलब्ध आहे.

ओसरीवरच्या त्या बाईला गोळ्यांआधी कोणीतरी दोन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर ऐकायला थांबावे. तेवढ्याने ती बरी होणार नाही. पण बरे होण्याची वाट तेथूनच सुरू होते.