धक्का आधी, बोट मागाहून
(बेंगळुरू येथे मराठी भाषिक श्रोत्यांपुढे केलेले भाषण)



समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरात बोटी आणि धक्के हा विषय काढला, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु देशातील पहिला अंतर्देशीय कंटेनर डेपो १९८१ साली सुरू झाला तो याच बेंगळुरूत. येथील कारखान्यांचा माल पेटीत बंद होतो, आगगाडीने बंदरावर जातो आणि हाताचा स्पर्शही न होता क्रेनने जहाजावर चढतो. पेटीची सोय चोख आहे. पाण्यापलीकडे जाणाऱ्या माणसाची आणि त्याच्या गाठोड्याची सोय कशी आहे, एवढाच आज माझा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यास समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही. १९६०च्या दशकात शरावतीवर लिंगनमक्की धरण झाले, तेव्हा सागर तालुक्यातील गावे पाण्याखाली गेली. वीज राज्यभर गेली, या शहरातही आली. मागे उरलेल्या तुमरी परिसरातील लोकांच्या वाट्याला मात्र अंबारगोड्लु ते कळसवळ्ळी ही लाँच आली. सपाट फळीची ती बोट माणसांबरोबर एस.टी.सारखी आख्खी बसही वाहून नेई. पण संध्याकाळी शेवटची खेप सुटली की पलीकडच्या आजाऱ्याने सकाळपर्यंत कळ सोसावी. उन्हाळ्यात जलाशय आटला की वाहने घेणे बंद होई, कारण बोट ठीक असली तरी तिला टेकायला काठ उरत नसे. तेथे पूल खुला झाला तो १४ जुलै २०२५ रोजी.

माझा मुद्दा या काठाचाच आहे. बोटींचे प्रकार पुष्कळ आहेत. नदीवरची तर आहे, माणसे नेणारी लाँच आहे, पुढचा पत्रा उतरवून वाहने घेणारी फेरीबोट आहे आणि समुद्रावर चालणारी मोठी रो-रो बोट आहे. परंतु बोट कोणती चालेल हे धक्का ठरवतो. मुंबईच्या पाण्यात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरांच्या आसपास जातो. दगडी पायऱ्यांच्या धक्क्यावर भरतीला जी बोट कठड्याशी लागते, ती ओहोटीला पुरुषभर खाली जाते. मग म्हातारी माणसे आणि कडेवरची मुले शेवाळलेल्या पायऱ्यांवरून हात धरून उतरवावी लागतात. याला उपाय आहे आणि तो नवा नाही. पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का, त्याला बिजागरीने जोडलेला पूल, लाटा अडवणारा बांध आणि वेळच्या वेळी गाळ उपसणे, इतकेच पुरते.

कोकणच्या आगबोटींच्या काळात बहुतेक बंदरांवर हे काहीच नव्हते. आगबोट लांब उभी राही आणि माणसे, आंब्याच्या पेट्या, सारे काही पडावातून ने-आण होई. खलाशी लोकांना खांद्यावर घेऊन काठावर पोचवीत. आपल्यातील ज्येष्ठांना ते आठवत असेल, आणि आठवताना ते गोडही वाटत असेल. पण पाठीवर तो भार वाहणाऱ्याला ते गोड वाटले असेल असे मला वाटत नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' भर पावसात मुंबईबाहेरच उलटली आणि ६०० हून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर जवळजवळ ७७ वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. नीलकमलवर परवान्यापेक्षा जास्त माणसे होती. लाँचवर जीवरक्षक जाकिटे अंगात घालण्याची सक्ती त्यानंतर झाली.

मोठी बोट म्हणजे सुरक्षित बोट, असाही समज करून घेऊ नये. रो-रो बोटीत वाहनांसाठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा मजला असतो, मध्ये भिंत नसते. त्यावर पाणी शिरले की ते एका बाजूला धावते आणि बोट पाहता पाहता कलंडते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' पुढचे दार उघडे ठेवूनच निघाली. १९३ माणसे मेली. दार लावण्याचे काम ज्याच्याकडे होते तो खलाशी झोपला होता, हे खरे. परंतु दार उघडे की बंद हे दाखवणारा दिवा कप्तानासमोर नव्हता, आणि असा दिवा बसवावा ही मागणी व्यवस्थापनाने आधीच धुडकावली होती, हेही चौकशीत उघड झाले. दक्षिण कोरियात २०१४ साली 'सेवोल' बुडाली आणि ३०४ जण गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. तिच्यावर मर्यादेच्या दुपटीहून अधिक माल होता, आणि तो नीट बांधलेलाही नव्हता. मालाच्या भाड्याचा हिशेब प्रत्येक ठिकाणी माणसाच्या आधी मांडला गेला.

आपल्याकडे मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट चालते. मोटारीसह तासाभरात पलीकडे जाता येते, रस्त्याचा शंभर किलोमीटरचा वळसा वाचतो. ही सोय उत्तमच आहे आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. दाभोळ-धोपावेची साधी फेरीबोट तर २००३ पासून खाडीच्या दोन्ही काठच्या गावांना जोडते आहे. परंतु त्याच भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणारी लाँच मोठ्या ओहोटीला गाळामुळे वरचेवर थांबवावी लागली आहे. तिच्यातून उरणचे कामगार, विद्यार्थी आणि टोपली घेतलेल्या बायका जातात. मोटारीसाठी बांध आणि तरंगता धक्का होऊ शकतो, मग टोपलीसाठी गाळ का उपसला जात नाही, हे विचारले पाहिजे.

म्हणून जेथे जेथे अशी बोट आहे तेथील आपल्या साथीदारांनी चार गोष्टी पाहाव्यात असे मी सुचवीन. चढणाऱ्यांची मोजणी फाटकावर होते की नाही. माल बांधला जातो की नुसता रचला जातो. ओहोटीला शेवटच्या पायरीखाली किती पाणी असते. आणि शेवटची खेप सुटल्यावर रात्री कोणी आजारी पडले, तर बोट काढणारा तांडेल कोण आणि त्या रात्रीची मजुरी त्याला कोण देतो.